पोटावरचं चित्र

आमच्या सांगलीच्या दवाखान्यातले सर्जन बापूसाहेब ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या पोटावर चित्र काढत. जखमेला लावायच्या जांभळ्या औषधात बोरू बुडवायचा, डोळे मिटून पोट चाचपायचं आणि आत काय सापडणार ते वरून रेखाटायचं. पित्ताशय सुजलेलं असलं तर वांगं, गाठ असली तर बटाटा. वर मला म्हणायचे, "भूलवाले, लागला चहा. वांगं नाही निघालं तर मी पाजतो." मी भूल देणारा डॉक्टर. त्यांचा चहा माझ्या नशिबी फारसा आला नाही.

एक्स-रेवर त्यांचा विश्वास बेताचाच. "लग्नाच्या फोटोत सगळेच सुखी दिसतात," म्हणून फिल्म बाजूला सारायचे.

एकदा औंधकडचा एक शेतकरी चित्र काढून घेऊन दुपारीच पसार झाला. आठवड्यानं उगवला तो भावकीतली चार माणसं घेऊन. "आवं, चितर काडल्यापास्नं कळच न्हाई बगा. म्या आंगूळबी केली न्हाई, पुसंल म्हून. ह्यांचीबी काडा की." बापूसाहेबांनी पाचही जणांची बिनपाण्यानं हजामत केली. पोटं मात्र सगळ्यांची तपासली.

त्याच सुमारास पेपरात बातमी आली. विलायतेत म्हणे असं यंत्र निघालंय, की पोट न कापता आतल्या चकत्या एकेक करून दाखवतं. मी मुद्दाम मोठ्यानं वाचली. "म्हणजे काकडी न चिरता कोशिंबीर," एवढं बोलून ते राउंडला गेले.

आणि मग त्यांची अक्का आली. फलटणजवळच्या गावची, थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच ह्यांना वाढवलं, दुसऱ्यांच्या उसात खुरपून शिकवलं. महिनाभर पोट दुखत होतं, घास उतरत नव्हता. बापूसाहेबांनी पोटावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"काय लागलं रं हाताला?"

"काय न्हाई अक्का. वारं धरलंय."

"मग चितर काड की. समद्यांची काडतोस."

"औषध संपलंय," ते म्हणाले. भरलेली बाटली टेबलावर होती. अक्कानं ती पाहिली आणि पदर सारखा केला.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "ते चकत्यांचं यंत्र मुंबईला तरी आलंय का हो?"

नव्हतं आलं. मग मिरजेला नेऊन एक्स-रेचे फोटो काढले. ज्या फोटोंना हे कधी विचारत नव्हते, तेच खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. फोटोवरून नक्की काही कळेना. रोग काढता येण्यासारखा आहे की पसरलाय, हे पोट उघडल्याशिवाय समजणार नव्हतं.

बहिणीवर सुरी चालवायला त्यांचा हात होईना. साताऱ्याहून त्यांचा सर्जन मित्र आला, भूल मी दिली. त्यानं पोट उघडलं, पाहिलं आणि काहीच न करता पुन्हा शिवलं.

मी बाहेर आलो. बापूसाहेब इतरांच्या नातेवाइकांत बाकावर बसले होते.

"लिव्हरपर्यंत गेलंय ना?" त्यांनीच विचारलं.

मी मान डोलावली.

"पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं. म्हटलं, एकदा तरी चुकू दे मला. एवढंच मागत होतो."

मग त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि अक्का शुद्धीवर येईपर्यंत तिचे पाय चेपत बसले.