सातारकुलचं धाडसी जनुक

डॉक्टरांनी चरबीचं मटण बंद केल्यापासून किर्गिझस्तानातल्या काराकोल गावच्या सातारकुलच्या ताटात उकडलेला कोबी पडत होता. वाढायला झूराकान, त्याची काडीसारखी बायको. तिच्यापुढे तक्रार चालत नसे. अशात बिश्केकहून पुतणीचा, बर्मेतचा, फोन आला. ती तिथल्या प्रयोगशाळेत होती. अभ्यासासाठी घरातल्या सगळ्यांची थुंकी घेऊन गेली होती.

"काका, पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं एक जनुक असतं. त्याचा एक प्रकार तुमच्यात सापडलाय. तो असला की वजन जरा जास्त भरतं, माणूस धाडसही जरा जास्त करतो म्हणतात. पण काका..."

'पण'च्या पुढचं ऐकायला सातारकुल थांबलाच नाही. फोन ठेवून त्याने ताट सरकवलं. "ऐकलंस? दोष माझा नाही, जनुकाचा आहे!"

"मग जनुकालाच वाढते," झूराकान म्हणाली आणि तिने ताट उचलून नेलं.

दुपारी शेजारच्या एसेनगुलकडे नातवाच्या बारशाचं जेवण होतं. तिथे जनुकाची कथा सांगत सातारकुलने दोन माणसांचं मटण हाणलं. एसेनगुलने शांतपणे ऐकून घेतलं.

"वजनाचं पटलं, भाऊ. पण धाडसाचं काय? माझा काळा घोडा बाहेर उभाय. अजून कुणाला पाठीवर टिकू दिलं नाही त्यानं."

सगळे हसले. आता माघार घ्यावी, तर पोटातलं मटण खोटं ठरणार! चौघांनी ढकलून सातारकुलला वर चढवलं. घोडा क्षणभर विचारात पडला आणि थेट नदीकडे उधळला. सातारकुल त्याच्या मानेला असा चिकटला, की पेशींनी धडा घ्यावा. भर धारेत घोडा थांबला; सातारकुल थांबला नाही.

लोकांनी त्याला ओढून काढलं. घोडा मात्र पलीकडच्या काठावर चरत राहिला. त्याला आणायला जायची कुणाची छाती होईना.

घरी रजईत कुडकुडत सातारकुलने बर्मेतला फोन लावला. "अगं, तुझ्या जनुकापायी जीव जात होता माझा!"

"तेच सांगत होते, तर तुम्ही फोन ठेवलात! त्यानं अर्ध्या किलोचाही फरक पडत नाही. काकूंमध्ये तर तो दोन्हीकडून आलाय, आईकडूनही अन् वडिलांकडूनही. त्या कुठे जाड आहेत?"

"अगं ऐकलंस का, तुझ्यात दुप्पट आहे!" सातारकुल बायकोसाठी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. पण तिथे कुणीच नव्हतं. गल्लीत कालवा झाला म्हणून त्याने खिडकीतून डोकावलं.

कमरेपर्यंत भिजलेली झूराकान काळ्या घोड्यावर बसून येत होती. माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. एसेनगुलने धावत जाऊन फाटक उघडलं.

"सांभाळून, वहिनी!"

"मला काय सांगतोस?" झूराकान म्हणाली. "घोड्याला सांग."