भिंतीकडे तोंड कर गो!

परकारचाचांना कुणी सांगितलं की कॉम्प्युटर अडकलाय, तर ते आधी त्या माणसाला खुर्चीतून उठवायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. हो, भिंतीकडे. शाळेत गृहपाठ न करणाऱ्या पोरांना करतात तसं. मी चांगली संसारी बाई, एका मुलीची आई, दुबईतल्या बऱ्यापैकी ऑफिसात ड्राफ्टिंग करणारी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी भिंतीवरच्या 'आग लागल्यास बाहेर कसं पडावं' या नकाशाकडे बघत मुकाट उभी असायचे. मागे की-बोर्डवर टकटक चालायची. मग आवाज यायचा, "ये, बघ." वळून बघावं तर गेलेलं ड्रॉइंग जागेवर हजर! "काय केलंत चाचा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "केलं ते केलं. तू सेव्ह कर."

आमचं ऑफिस व्हिलांचे नकाशे करायचं. आम्ही सहा ड्राफ्ट्समन, त्यात मी एकटीच बाई. चाचा सगळ्यांत जुने. मूळचे खेडजवळच्या गावचे. बोर्डावर शाईनं ड्रॉइंग काढायची त्या काळात आखातात आले आणि शाई जाऊन माऊस आला तरी इथेच राहिले. बायको आणि मुलगी गावाला, हे शारजात चार जणांच्या खोलीत. गावाला घर बांधत होते. ते बिचारं लिंटलपर्यंत येऊन थांबलेलं, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यापर्यंत भिंती आणि वर आभाळ. "यंदा स्लॅब टाकणार, इन्शाल्ला," हे मी नोकरीला लागले त्या वर्षी ऐकलं, पुढच्या वर्षीही ऐकलं. दुसऱ्यांच्या महालांना रोज छपरं घालणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घरात पावसाळ्यात ताडपत्री!

चाचांनी एका जागी बूड टेकलं तर शपथ. पायाला नुसती भिंगरी. हातात बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा ग्लास घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. आणि जाता जाता खांद्यावरून हात घालून तुमची फाईल सेव्ह करायचे. एकदा मी खोलीचं नाव टाईप करत होते, तर 'मास्टर बेडरू' एवढ्यावरच यांनी बटणं दाबली.

"अहो चाचा, अर्धवट होतं ते!"

"अर्धवट असतं तेच जातं गो. पुरं झालेलं कुठे जातं? काय समजलीस?"

'काय समजलीस' हे नुसतं म्हणायचं. समजू तर काहीच द्यायचे नाहीत. रेषा दिसेनाशा झाल्या, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, छापताना अख्खी व्हिला कागदाच्या कोपऱ्यात सुपारीएवढी उमटली. काहीही होवो, औषध यांच्याकडे आणि आम्ही भिंतीकडे. एकच पथ्य सगळ्यांना माहीत होतं, 'आधी एस्केप, दोनदा.' ते पथ्य चाचा ऑफिसबाहेरही पाळायचे. लिफ्ट हलली नाही की बटण दोनदा दाबायचे. संध्याकाळी आम्ही पाच जण मिळून ठरवलेल्या गाडीतून शारजाला परतायचो, ट्रॅफिक तुंबला की हे पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर बोट आपटायचे, "एस्केप, एस्केप! यल्ला, चल!" ट्रॅफिक काही सुटायचा नाही. ड्रायव्हर मात्र वैतागायचा.

एकदा मी गाडीतच तोंडावर विचारलं, "चाचा, आम्हाला शिकवलंत तर तुमचं काय जातं हो?"

ते म्हणाले, "डिग्री आहे तुझ्याकडे. नवीन पोरं थ्रीडी करतात. माझ्याकडे काय आहे? अडलेलं सोडवतो, म्हणून ठेवलंय मला. ते पण वाटून टाकलं, तर खलास."

खरंच होतं ते.

दिवाळीला मी त्यांना फराळाला बोलावलं. माझी ईरा तेव्हा आठ वर्षांची. घर सजवायच्या एका सॉफ्टवेअरवर स्वतःचं घर बनवत बसली होती. भिंती काढल्या होत्या, पण खोलीत फरशी काही येईना. कितीदा टाकली तरी फरशी गायब. चाचांनी चकली खाली ठेवली. हातच शिवशिवले असणार.

"ऊठ. भिंतीकडे तोंड कर."

ईरा हलली नाही. "बट व्हाय? इट्स माय कम्प्युटर."

"तसाच नियम आहे, बेटा."

"दॅट्स नॉट फेअर, चाचा."

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी कशाला मदत करू? इतकी वर्षं भिंत बघितली होती मी! शेवटी त्यांनी काय करावं? मला उठवलं, मला भिंतीकडे तोंड करायला लावलं, माझ्याच घरात, आणि ईराच्या कानात कुजबुजले. मागून तिची आनंदाची किंकाळी आली. फरशी बसली होती. नंतर मी तिला लाडीगोडी लावून विचारलं, तर कार्टी म्हणाली, "इट्स अ सीक्रेट, आई." जाताना चाचा दारात हळूच म्हणाले, "माझी मुलगी एवढी होती तेव्हा मी इथेच होतो गो." आणि लिफ्टचं बटण दोनदा दाबून निघून गेले.

आणि मग ते मंदीचं वर्ष आलं. काल फिरणाऱ्या क्रेन आज जागच्या जागी उभ्या राहिल्या. व्हिलांखेरीज मरीनामधल्या एका टॉवरचं काम आमच्याकडे होतं, ते एका फोनवर बंद झालं. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीनं बिनपगारी रजेवर घरी बसवलं, म्हणजे घर माझ्या एकटीच्या पगारावर. ऑफिसात दर गुरुवारी दुपारी, आठवडा संपताना, कुणाच्या तरी हातात नोकरी गेल्याचं पाकीट पडायचं. बुधवारपासूनच इंटरकॉम वाजला की सगळे आधी फाईल सेव्ह करायचे आणि मग एकमेकांकडे बघायचे. कुणाचं कामात लक्ष नाही, कुणाला झोप नाही. त्यात बातमी फुटली की सहा ड्राफ्ट्समनमधले निम्मेच राहणार.

आमची तर पाचावर धारण बसली. चाचा मात्र गाडीत रुबाबात म्हणाले, "मी दोन दिवस आजारी."

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. सिक लीव्ह टाकतो आणि फोन उचलत नाही. बघू दे मुदीरला, परकारशिवाय ऑफिस कसं चालतं ते. गुरुवारी स्वतः बोलावतो की नाही बघ!" मुदीर म्हणजे आमचे बॉस. चाचांच्या डोळ्यांत अशी चमक, जणू घरावर स्लॅब टाकून झाला.

आणि बेत अगदी बरोबर लागू पडला हो! पहिल्याच दिवशी दोन ड्रॉइंग अडकली. मुदीर चिडले. ऑफिसच्या नंबरावरून चाचांना फोनवर फोन गेले, चाचांनी एकही उचलला नाही. मी मनात म्हटलं, वा चाचा, जिंकलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझीच फाईल उघडेना. एका व्हिलाची, त्याच दुपारी नगरपालिकेत द्यायची. उघडायला गेलं की एरर यायचा आणि सगळं बंद. मी दोनदा एस्केप केलं, चारदा केलं, मशीन बंद करून चालू केलं, गणपतीचं नाव घेतलं. मुदीर माझ्या मागे येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, की दुपारपर्यंत फाईल मिळाली नाही, तर गुरुवारी कुणाला पाकीट द्यायचं याचा विचार करायची गरजच उरणार नाही. घरी नवरा जाहिराती वाचत बसलेला, ईराची शाळेची बस, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी बाथरूममध्ये जाऊन माझ्या मोबाईलवरून चाचांना फोन लावला. उचलणार नाहीत हे माहीत होतं. त्यांचा जीवच त्या न उचललेल्या फोनवर टांगलेला होता.

पहिल्याच रिंगला उचलला.

"काय गो? रडतेस?"

"चाचा, फाईल..."

"मुदीर मागे उभा आहे?"

"बाहेर आहेत."

पलीकडे खोलीतल्या जुन्या एसीची घरघर. मग म्हणाले, "जा, खुर्चीत बस. फोन कानाला लाव. मी सांगतो तसं कर."

आणि त्यांनी सांगितलं. ती फाईल थेट उघडायची नाही. आधी रिकामं ड्रॉइंग उघडायचं, तिथून 'रिकव्हर' म्हणायचं, विचारेल त्या प्रत्येक चुकीला हो म्हणायचं. मग साफसफाई करायची, नको ते काढून टाकायचं, आणि नवीन नावानं सेव्ह. "जुन्या नावानं नाही, काय समजलीस?" आणि पहिल्यांदाच मला खरोखर समजलं. स्क्रीनवर एकेक भिंत उगवत गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीतच हसले.

मुदीरांनी बघितलं. "व्हेरी गुड. यू ऑल्सो नो."

"नो सर," मी घाईनं म्हटलं, "मिस्टर परकार टोल्ड मी. ओन्ली ही नोज."

मुदीर मान हलवून म्हणाले, "ही टोल्ड यू. सो नाऊ यू नो."

गुरुवारी चाचांना पाकीट मिळालं. मला नाही. संताप आला मला, मुदीरांचा आला, त्या सॉफ्टवेअरचा आला, आणि सगळ्यांत जास्त चाचांचा आला. गाडीत मी भांडलेच. "कशाला उचललात फोन? ऑफिसचे एवढे फोन उचलले नाहीत, माझाच कशाला?"

"तुझा नंबर होता ना," ते म्हणाले, आणि बाहेर बघत डॅशबोर्डवर बोट आपटायला लागले. ट्रॅफिक नव्हता त्या दिवशी.

महिनाभरानं ते शेवटचे आले, आयडी कार्ड आणि ड्रॉवरच्या चाव्या द्यायला. जुनी पुठ्ठ्याची पेटी, त्यात चहाचा ग्लास. सगळ्यांना "चलो हबीबी" करत माझ्या टेबलापाशी पोचले. नेमकं तेव्हाच माझं ड्रॉइंग स्क्रीनवरून नाहीसं झालं. खरंच झालं, मी मुद्दाम केलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांची सवय, मी आपोआप उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

टकटक ऐकू येईना.

"बस गो," मागून आवाज आला.

"तुम्ही करा ना चाचा. शेवटचं."

"मी केलं तर तुला कसं येणार? लांब कुठेतरी ठिपका पडलेला असतो. माऊस लागून पडतो. मग सॉफ्टवेअर ठिपका आणि घर दोन्ही एकदम दाखवायला जातं, आणि घर बारीक होऊन जातं. ठिपका शोध. पुसून टाक. बस तू." आणि चाचा स्वतः वळले. आगीच्या नकाशासमोर, माझ्या जागी, पेटी छातीशी धरून उभे राहिले. "मी बघत नाही. कर."

मी शोधला. खूप लांब होता, पण सापडला. पुसला, आणि व्हिला स्क्रीनभर उभी राहिली, गच्चीसकट.

"आलं चाचा! बघा."

ते वळले नाहीत. "सेव्ह केलंस?"

"केलं."

"परत कर."

मी परत केलं. ते तसेच उभे, खांदे जरा हलत होते. मी त्यांना ऐकू जावं म्हणून बटणं जोरात दाबली, आणि पुन्हा एकदा सेव्ह केलं.