न दिसणारी फुली

तिने बनवलेली चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट सुरू होऊन आठवडा झाला. तिने भेट देणाऱ्यांचे आकडे उघडले आणि खुर्चीत ताठ बसली. लोक नुसते येत नव्हते, येऊन ठाण मांडत होते. तिच्या इतर साइटवर माणसं डोकावून मिनिटभरात निघून जायची. इथे एकेक जण वीस-वीस मिनिटं हलत नव्हता.

जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून तिने एकटीने उभं केलेलं काम होतं ते. पांढरंशुभ्र पान, फिक्या राखाडी रंगातली नाजूक अक्षरं, आणि पान उघडताच समोर येणारी सवलतीची देखणी चौकट. तिने सासूबाईंना बोलावून आलेख दाखवला. त्यांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण रेघ वर जातेय एवढं पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ते कळलं.

दुकानाच्या मालकांना तर आभाळ ठेंगणं झालं. दुकानातली गर्दी काही वाढली नव्हती, पण लोक आधी नीट विचार करत असणार, अशी तिने आणि मालकांनी स्वतःची समजूत घातली. मालकांनी ही वीस मिनिटांची कथा चष्मेवाल्यांच्या संघटनेत इतक्यांदा सांगितली, की शेवटी संघटनेने तिला भाषणालाच बोलावलं. विषय होता, गिऱ्हाइकाला धरून कसं ठेवावं.

भाषण रंगलं. सासूबाई पहिल्या रांगेत बसून आजूबाजूच्यांना 'माझी सून' असं सांगत होत्या. शेवटी कुणीतरी प्रत्यक्ष दाखवा म्हणालं. साइट कुणालाही सहज जमते हे दाखवायला तिने सासूबाईंनाच मंचावर बोलावून हातात टॅब दिला. मागच्या पडद्यावर चौकट झळकली. सासूबाई बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"आई, कोपऱ्यातली फुली दाबा. चौकट जाईल."

"कुठली फुली?"

सासूबाईंनी टॅब जवळ धरला, लांब धरला. पहिल्या रांगेतल्यांनी आपापले चष्मे वरखाली करून पडद्याकडे पाहिलं. त्यांनाही ती सापडेना.

"मी घरी रोज उघडते गं," सासूबाई मायेने म्हणाल्या. माइक चालू होता. "तू केलंयस म्हणून मन लावून बघते. पण ही पाटी काही सरकत नाही. तशीच उघडी ठेवून स्वयंपाकाला लागते."

मागून हसू फुटलं. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चष्मा शोधायला आलेल्या माणसांपुढे तिने फिकी, इवलीशी फुली ठेवली होती. तिला स्वतःला ती कुठे आहे हे पाठ होतं, त्यामुळे बघायची वेळच कधी आली नव्हती. पडद्याच्या उजेडावर खापर फोडता आलं असतं. तिने माइक पुन्हा हातात घेतला.

"लोक रमले नव्हते, अडकले होते," ती म्हणाली. "चूक माझी आहे. या आठवड्यात दुरुस्त करते."

मालक उठून मंचाकडे येताना दिसले तेव्हा हे काम गेलंच, असं तिने धरलं. त्यांनी टॅब घेतला, आपला चष्मा नाकावर सारखा केला आणि सावकाश म्हणाले, "म्हणजे ज्यांना ही फुली दिसली नाही, ती सगळी आपलीच गिऱ्हाइकं की."

सभागृहातलं हसू एकदम थांबलं. दोघातिघांनी खिशातून पेनं काढली.

तिने सगळं नव्याने केलं. अक्षरं ठळक, काळी. सवलतीची चौकट काढूनच टाकली. तिच्या जागी फुल्यांची एक ओळ आली, प्रत्येक फुली आधीच्यापेक्षा लहान, आणि खाली वाक्य: सगळ्या मोजता आल्या नाहीत, तर दुकानात या. लोक आता मिनिटभरात साइटवरून बाहेर पडू लागले आणि दुकानात शिरू लागले. आकडा घसरला तरी तिला त्याचा पहिल्यापेक्षा जास्त अभिमान वाटत होता, कारण तो खरा होता.

एका दुपारी ती दुकानात गेली. मालकांना काउंटरवरच्या पडद्यावर ओळ दाखवत, बोटाने मोजून म्हणाली, "सहा फुल्या पुरेत ना?"

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहऱ्यावर कुठेही हसू न आणता त्यांनी तपासणीची खुर्ची तिच्याकडे वळवली.

"सात आहेत," ते म्हणाले. "बसा."