दौलतराव गंज काढतात

गंज काढण्यात डिलाईल रोडवर दौलत परबांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं खुद्द दौलत परबांचं मत होतं! तसा त्यांचा हात धरणं एरवीही अवघडच. परबांच्या घराण्यात तळहाताला बारा महिने घाम. दौलतराव पालिकेच्या पंपावर फिटर होते तेव्हा पान्याला रुमाल गुंडाळून काम करायचे, नाहीतर पाना हातातून माशासारखा निसटायचा. निवृत्तीनंतर मंडळाच्या समया, घंटा, प्रभावळ, सगळं त्यांच्याच हातून लखलखून निघायचं. मग एका गिटारीची ती काय कथा?

गिटार हितेंद्रची, त्यांच्या मुलाची. इलेक्ट्रिक, काळीभोर, तोंड बघावं इतकी तुकतुकीत. ऑर्केस्ट्रात वाजवायचा तो. गेल्या दिवाळीनंतर आजारात हितेंद्र गेला आणि गिटार त्याच्या फोटोशेजारी खुंटीला लागली ती लागलीच. सून अपेक्षा अँटॉप हिलला आईकडे राहायला गेली. तिची एकेक वस्तू जात गेली, तशा तिच्या फेऱ्याही कमी होत गेल्या. आता तिची म्हणावी अशी गिटारच तेवढी उरली होती. ती गेली की सुनेला इथे यायला कारण काय? दौलतराव हे कुणाला बोलले नव्हते. त्यांची बायको, यशोदाकाकू, याही बोलल्या नव्हत्या. दोघांनाही ठाऊक होतं.

आणि तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी येते. गिटार घेऊन जाईन म्हणते."

"ये की! साफ करून ठेवतो."

"नको, नको. काही करू नका. आहे तशीच द्या."

दौलतरावांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "साफ करायला सांगितलंय."

"अहो, फोन स्पीकरवर होता. नको म्हणाली ती!"

"तुला कळत नाही. लग्न होऊन आली त्या दिवशी काय म्हणाली होती? भूक नाही! आणि घावणे किती खाल्ले?"

"पाच."

"झालं तर! सून नको म्हणते ते मानाने म्हणते. आपण समजून घ्यायचं असतं."

गिटारीचं रूप खरंच उतरलं होतं. तारा लालसर झालेल्या आणि त्या जिथे अडकवतात ती धातूची पट्टी, तिला ब्रिज म्हणतात, ती तर जुन्या नळासारखी दिसत होती. समोरच्या खोलीतला निलेश मंडळाचा साउंड सांभाळायचा. तो तज्ज्ञ म्हणून आपणहून आला.

"काका, गंज गेला तरी चालेल, राहिला तरी चालेल, पण बॉडीच्या फिनिशला ओरखडा नको! एकदा गेलं की गेलं. सगळं मेटल सुट्टं करा, बाहेर साफ करा. आणि आजूबाजूला टेप लावून घ्या. चिकट राहील असली नको, हलकी."

हलकी टेप घरात होती. कपाटाच्या खणात थर्मामीटर, गोळ्यांची अर्धी पट्टी आणि सलाइनची सुई धरून ठेवायची ती पांढरी कागदी पट्टी. तो खण यशोदाकाकूंनी वर्षभर कुणाला आवरू दिला नव्हता. त्यांनी पट्टी काढून दिली आणि खण पुन्हा लावून टाकला.

दौलतरावांनी तारा काढल्या, मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगा. "ह्याला काय लागतंय!" म्हणत त्यांनी पहिलीला पक्कड लावली, आणि घामेजलेल्या हातातून ती स्प्रिंग सुटली ती गॅलरीचा कठडा ओलांडून थेट खाली, तळमजल्यावरच्या गंगुबाईंनी वाळत घातलेल्या जवळ्यात, त्या बारीक सुक्या कोळंबीत!

"दौलता! वरसून काय टाकतंस रे? डोळो फुटलो असतो माझो!"

"स्प्रिंग आहे, मावशे! जपून ठेव!"

"खंय गेली ती तूच येवन शोध!"

दौलतराव जवळ्यात कोपरापर्यंत हात घालून बसले. स्प्रिंग सापडली. वर आले तेव्हा मागोमाग चाळीतली दोन मांजरं होती, ती संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावरून हलली नाहीत.

आता खरं काम. मंडळाच्या समयांना आमसुलाचं पाणी लावतात, मग गिटारीला का नको? दौलतरावांनी पातेल्यात आमसुलं भिजवली, त्यात ब्रिज आणि सगळे स्क्रू लाल पाण्यात दिसेनासे होईपर्यंत बुडवले, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि घासायला फॉइल आणायला दुकानात गेले. फॉइलची युक्ती निलेशची. चुरगळून हलक्या हाताने घासायची, म्हणे.

ओट्यावर आमसुलं भिजलेली दिसली की मालवणी बाई काय करेल? यशोदाकाकूंनी नारळ फोडला!

मदतीला आलेल्या निलेशला त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. त्याने सोलकढीचा घोट घेतला.

"काकू, आज चव वेगळी लागते."

"आमसुलं गावची आहेत."

दुसऱ्या घोटाला त्याच्या दाताखाली काहीतरी कडकन वाजलं. त्याने तोंडातून ते काढून उजेडात धरलं.

"गावच्या आमसुलात स्क्रू पण येतात?"

तेवढ्यात दौलतराव दारात. "अरे, गिळू नकोस!"

"नाही काका, मी ठीक आहे..."

"ठीक राहू दे! एकच होता का? नीट आठव!"

कढी गटारात गेली, स्क्रू मोजून डबीत गेले. मग दौलतराव घासायला बसले. गंज सुटत होता, खालची चकाकी वर येत होती. फक्त ब्रिजच्या एका कडेला चंद्रकोरीसारखा तपकिरी डाग होता, तो काही हटेना.

"नेमका इथेच एवढा कसा चढला?" ते पुटपुटले. खांदा भरून आला. पण ते दौलत परब होते! शेवटी तो डागही गेला. निलेशने नव्या तारा लावल्या, कागदी पट्टी अलगद निघाली. काळ्या रंगावर एक ओरखडा नव्हता.

रविवारी अपेक्षा आली. चहा झाला. दौलतरावांनी गिटार दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवली, बारशाला बाळ देतात तशी.

"बघ! नवी वाटते की नाही?"

"फिनिशला टचसुद्धा नाही, वहिनी," निलेशने साक्ष दिली.

अपेक्षाला वाजवता येत नव्हतं. तिने फक्त उजवा तळहात ब्रिजवर टेकवला. मग उचलला आणि खाली पाहिलं. पुन्हा टेकवला.

"बाबा, इथे एक डाग होता."

"होता ना! काय चिवट! पण सोडतोय होय मी!"

"इथे त्याचा हात असायचा," अपेक्षा म्हणाली. "वाजवताना. घामाने गंजलं होतं. मी ओरडायचे, वाजवून झालं की पुसून ठेवत जा. तर म्हणायचा, परबांचा घाम आहे, लोखंड खाणारच."

निलेश उगाच वायर गुंडाळू लागला. यशोदाकाकू कपबशा उचलून आत गेल्या, पण आतून विसळण्याचा आवाज काही आला नाही.

'मी नको म्हणाले होते,' एवढंही अपेक्षा म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दौलतराव उठले आणि कचऱ्याचा डबा उघडून बघू लागले. घासून काळी पडलेली फॉइल त्यांना हवी होती. कचरा सकाळीच गेला होता. ते रिकाम्या डब्याकडे बघत उभे राहिले, मग आपल्या तळहातांकडे. दोन्ही ओले होते.

"परत यायला किती दिवस लागतील?"

"काय, बाबा?"

"गंज."

अपेक्षाला हसू आलं आणि त्याच्याबरोबर इतका वेळ थोपवलेलं रडूही. "रोज हात टेकवला तर... वर्ष तरी लागेल."

"मग राहू दे इथेच. घाम एकच आहे."

तिने डोळे पुसले. मग उठली आणि गिटार पुन्हा खुंटीला लावली. "मी येऊन बघत जाईन," एवढंच म्हणाली.

आता ती दर रविवारी येते. मोबाइलच्या उजेडात ब्रिज तपासते.

"आला का गं?" आतून यशोदाकाकू विचारतात.

"नाही, आई. अजून नाही."

आणि रोज संध्याकाळी दौलतराव गॅलरीत मांडीवर गिटार घेऊन बसतात. तार छेडत नाहीत. उजवा तळहात टेकवतात आणि समोर बघत राहतात.

"दौलता, या वयात गिटार शिकतंस काय रे?" खालून गंगुबाई विचारतात.

"नाही, मावशे. गंज चढवतोय."

पण गंज काही चढत नाही! निलेशच्या मते चूक काकांचीच आहे. काम फारच चांगलं झालंय.