रानगुलाबाचा अर्क

विठ्ठलराव देशमुखांचा जीव अडकला होता. हकीम मान हलवून गेला, लेकींनी सासरहून येऊन रडून घेतलं, तिरडीचे बांबू गोठ्यात येऊन पडले, तरी म्हातारा काही जाईना. तोंडात गंगाजळ घातलं की गिळायचा आणि "आणखी" म्हणायचा. शेवटी थोरला लेक सुंदरराव कानाशी लागला, तेव्हा म्हातारा पुटपुटला, "कपिलधारचा रानगुलाब. एकदा वास घिऊ द्या, मंग जातो."

माणसं धावली. पण ते पाच पाकळ्यांचं नाजूक फूल. घोड्यावरून आणलं तरी घरी पोचेपर्यंत झडून हातात नुसते देठ उरले. मग बीडच्या राधाकिशन गुलाबपाणीवाल्याला बोलावणं गेलं.

निजामाच्या अंमलात बीडातलं एकही लग्न राधाकिशनच्या गुलाबपाण्याच्या शिडकाव्याशिवाय लागत नव्हतं, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! मरणाचं काम मात्र त्यानं कधीच घेतलं नव्हतं.

"लगीनसराई तोंडावर आली, अन् मढ्याच्या घरी कावून चाललात?" बायको छबुबाई म्हणाली.

"अगं, देशमुखाला न्हाई म्हणून बीडात राहायचंय का आपल्याला?"

कपिलधारच्या ओढ्याकाठी त्यानं तांब्याची देग चुलीवर चढवली. गुलाबाची फक्त पाकळी घ्यायची, मधले पिवळे तुरे काढून टाकायचे, नाहीतर पाणी कडवट होतं, हे त्याला बापानं शिकवलेलं. देशमुखांचं काम म्हणून त्यानं एकेका फुलातला एकेक तुरा खुडून फेकला. अर्क कसा नितळ उतरला!

म्हाताऱ्याच्या नाकाशी शिशी धरली. सगळं घर श्वास रोखून उभं. धाकट्या सुनेनं तर आधीच पदर डोळ्याला लावून ठेवला. विठ्ठलरावांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग डोळे उघडून खणखणीत आवाजात म्हणाले, "पाणी हाय बे हे! मला येडा समजतो का?" संतापाच्या भरात ते उठून बसले, आणि बसलेच आहोत म्हणून वाटीभर पेज प्याले.

दुसऱ्या दिवशी राधाकिशननं पाकळ्या दुप्पट घातल्या. म्हाताऱ्यानं शिव्याही दुप्पट घातल्या आणि वर भाकरी खाल्ली. तिसऱ्या खेपेला म्हातारा राधाकिशनला हाणायला काठी शोधू लागला. रडायला आलेले पाहुणे मुक्काम ठोकून जेवत होते, बांबू गोठ्यात वाळत होते. सुंदररावानं राधाकिशनला बाजूला ओढलं.

"तुला माझ्या बापाला जगवायला आणलंय का बे?" तोंडातून काय गेलं हे कळून तो ओशाळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "उद्या वास न्हाई आला, तर तुझ्या पाण्यात दम न्हाई म्हणून साऱ्या जिल्ह्यात सांगीन. बघतो कुण्या लग्नात शिंपडतेत ते."

राधाकिशनला रडू यायचंच बाकी होतं. तो ओढ्यावर येऊन डोकं धरून बसला, तो नेमका फेकलेल्या तुऱ्यांच्या ढिगाशेजारी. त्या कचऱ्यातून असा वास आला की तो दचकला. पाकळी हुंगली, तर काही नाही. तुरा हुंगला, तर मधात लवंग कुटून घातल्यासारखा घमघमाट! बागेतला गुलाब वास पाकळीत ठेवतो. या रानट्यानं तो तुऱ्यात ठेवला होता. तीन दिवस आपण वास फेकत होतो आणि उरलेलं उकळत होतो, हे कळून त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी देगेत नुसते तुरे पडले. विठ्ठलरावांनी शिशी हुंगली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "ह्योच," ते म्हणाले. राधाकिशनचा हात धरून हसले, "लई उशीर केलास लेका." आणि गेले.

शिव्या देणारा तो म्हातारा राधाकिशनला एव्हाना आवडू लागला होता. त्याला खरंच रडू कोसळलं. घरातले मात्र एकमेकांकडे पाहू लागले. काल भाकरी खाणारा माणूस वास घेतो काय आणि जातो काय!

राधाकिशनच्या आधी बातमी बीडात पोचली. लग्नघरांनी सांगितलेलं गुलाबपाणी नको म्हणून निरोप धाडले. "तुमचं पाणी लई जालीम हाय, शेठ. नवरानवरीवर कसं शिंपडावं?" त्याच्या दारावरून जाताना लोक नाकाला उपरणं लावू लागले. आजोबांपासूनचा धंदा चार दिवसांत बसला, आणि छबुबाई तर बोलेनाशीच झाली.

अशातच एका दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. डोक्यावरून घोंगडी घेतलेला म्हाळू नावाचा शेतकरी उभा होता.

"ती देशमुखाला दिलेली शिशी... तसली एक पायजे व्हती."

"कुणाला?"

"आमच्या बापाला."

राधाकिशनला दया आली. "लई दिस अंथरुणावर हायत का?"

"छ्या! सकाळीच औत घिऊन शेतावर गेलाय," म्हाळू म्हणाला. "पण रानगुलाब काय रोज फुलतो का? म्हणलं, आताच घिऊन ठिवावी."

राधाकिशननं दार लावून घेतलं. तुऱ्यांची गोष्ट त्यानं पुढे जन्मभर कुणालाच सांगितली नाही. स्वतःच्या लेकाला तर नाहीच नाही.