इटलीतला जवान परत आला की नाही

गुप्तहेर म्हणून माझी बुद्धी तल्लख, नजर घारीची आणि स्वभाव अतिशय नम्र आहे. हे तिन्ही गुण तुम्हाला माझ्याच तोंडून ऐकावे लागताहेत, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगायला तयार नाही. वीज कंपनीत मीटर वाचण्यात माझी उभी हयात गेली. लोकांच्या जिन्याखाली, दाराआड डोकावायची सवय तिथेच लागली. निवृत्तीनंतर मीटर सुटले, डोकावणं राहिलं. मी त्याला तपास म्हणतो. बायको चोंबडेपणा म्हणते.

एका संध्याकाळी माझा भाचा घरी आला. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. पोरगा साधा, पण त्या दिवशी चेहरा पार उतरलेला.

"मामा, लग्न मोडलं," तो म्हणाला.

"अरे, काय केलंस काय?"

"पुस्तक वाचलं."

माझे कान टवकारले. त्याचं लग्न वाचनालयातल्या ग्रंथपाल मुलीशी ठरलेलं. वाचनालयात सध्या एकाच कादंबरीचा बोलबाला होता. इटलीतलं महायुद्ध, एक नर्स, एक जवान, त्यांचं प्रेम. मुलीने ती वाचून दोन दिवस डोळे पुसले आणि याला म्हणाली, तूही वाच. याने वाचली. वाचून तिला म्हणाला, "काय गोड शेवट आहे! तो जवान म्हातारा होऊन परत येतो आणि ती दार उघडते."

"मग?"

"ती म्हणाली, तो परत येतच नाही. नर्स पुलावर वाट बघत उभी राहते आणि पुस्तक संपतं. तू वाचलंच नाहीस, थापा मारतोयस. मी म्हटलं, चल दाखवतो. कपाटातून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं, तर मामा, तिथे पूल!"

"आणि दार?"

"दार गायब!" भाच्याला हुंदकाच आला. "तिच्या वडिलांची नोकरी गेली होती ना, ते वर्षभर घरी लपवून ठेवलं होतं त्यांनी. तेव्हापासून खोटं बोलणाऱ्या माणसाला ती उभं करत नाही. म्हणाली, पुस्तकाबद्दल इतकं धडधडीत खोटं, तर संसारात काय करशील? मामा, तिच्याशिवाय मला नाही जमायचं हो."

"चहा घे," बायको आतून म्हणाली. मी म्हटलं, "चहा नंतर. आधी घटनास्थळ!"

वाचनालयात दाराजवळ एक फळा आहे. पुस्तक परत करताना वाचकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून तिथे टाचायचं, अशी पद्धत. त्या कादंबरीवरच्या मतांनी फळा भरून गेला होता. मी भिंग काढलं. एका शिंपीणबाईंनी लिहिलं होतं, "किती ते बॉम्ब! रात्रभर मशीनचा आवाजसुद्धा नको वाटला." त्याखाली निवृत्त पोस्टमास्तर, "युद्धकथा म्हणून नेली. आख्ख्या पुस्तकात एक फटाकासुद्धा वाजत नाही. नुसती नात आजीचं घर झाडते." कोणी म्हणे नायिका विशीची, कोणी म्हणे नव्वदीची. आणि एक कोपऱ्यातली चिठ्ठी, "ही कथा दोन काळांत घडते असं पेपरात वाचलं होतं. मला एकच काळ सापडला. दुसरा कोणी नेला असल्यास कृपया परत करावा."

ही शेवटची चिठ्ठी बिनकामाची वाटली म्हणून मी सोडून दिली.

"काका, इथला मीटर मागच्या बाजूला आहे," ग्रंथपाल मुलगी म्हणाली. डोळे तिचेही लाल होते.

"मी तपासाला आलोय. या पुस्तकाच्या प्रती किती?"

"दोन. माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या वेळच्या. न्या दोन्ही. मला त्यांचं तोंड बघायचं नाही." तिने दोन जाडजूड, लाल कापडी बांधणीची पुस्तकं टेबलावर आदळली. पाठीवर दोन्हींचं नाव एकच. मग हळूच म्हणाली, "जेवतोय ना तो?"

मी नोंद घेतली, की ही बाई संशयिताच्या आहाराची चौकशी करते. विषप्रयोग?

घरी येऊन मी माझा पहिला सिद्धांत मांडला. पोस्टमास्तर हाच सूत्रधार! आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं हाताळून त्याला शेवट बदलायची चटक लागली असणार. मी त्याच्या मागावर राहिलो. तो थेट न्हाव्याकडे गेला. मीही आत शिरलो. संशय येऊ नये म्हणून दाढी करून घेतली, मग केस कापून घेतले, मग मिशीही गेली. पोस्टमास्तर म्हणाला, "आता बरे दिसता." सिद्धांत बारगळला.

दुसरा सिद्धांत शिंपीणबाईंवर. पानं उसवून दुसरी शिवायची म्हणजे हात शिवणाचाच हवा. मी त्यांच्याकडे विजार घेऊन गेलो आणि आडून आडून विचारलं. त्यांनी विजार दोन इंच आखूड करून हातात ठेवली.

तिसरा सिद्धांत भाच्यावरच होता, पण तो बोलून दाखवताच बायकोने असं काही बघितलं की मी ठशांकडे वळलो. दोन्ही पुस्तकांवर टाल्कम पावडर शिंपडली. भरपूर ठसे मिळाले. सगळे माझे.

या सगळ्या धामधुमीत बायको त्यातलं एक पुस्तक वाचत होती. ते संपलं, तशी पावडर झटकून तिने दुसरं घेतलं.

"अगं, पुरावा आहे तो!"

"असू दे. तुम्ही सरका, उजेड अडतोय."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने हाक मारली. "अहो, या पुस्तकातली नर्स म्हातारी होऊन त्या पुस्तकात बसलीये."

"म्हणजे पळून गेली?"

"काय बोलता! हिने इकडे विहिरीच्या कठड्यात अंगठी लपवलीये आणि तिकडे तिची नात ती काढतेय. दोन प्रती कसल्या? एकाच पुस्तकाचे हे दोन तुकडे आहेत. यात सगळं युद्ध, त्यात सगळं आत्ताचं."

मी म्हटलं, "मी हेच म्हणणार होतो." भाचा मात्र मामीच्या पायाच पडला.

पुस्तकांच्या आत ज्याचा शिक्का होता, त्या बाइंडरकडे आम्ही तिघं गेलो. तो हाताला खळ लावून बसला होता. पुस्तकं बघताच त्याची छाती फुगली.

"माझंच काम! आधीच्या ग्रंथपालांनी दिलं होतं. अहो, काय दशा होती! एक प्रकरण युद्धातलं, पुढचं आजचं, परत युद्ध, परत आज. छापखान्यात सगळी पानं कालवलेली. बरं, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू, वर ठळक साल. मी एकेक प्रकरण सुटं केलं आणि सालवार लावून दिलं. जाड होत होतं म्हणून दोन भाग केले."

"आणि पानांचे आकडे?"

"ते उलटसुलट दिसले असते, म्हणून कडा कापताना उडवले. काम कसं स्वच्छ पाहिजे."

आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले, नवी आली, आणि तिला कपाटात एकाच नावाची दोन पुस्तकं दिसली. बस्स! एवढंच ते भयंकर कारस्थान.

आम्ही वाचनालयात पोचलो. मी खाकरून भाषण सुरू केलं, "या प्रकरणाचा छडा लावताना मला..." पण ऐकतंय कोण? भाच्याने दोन्ही पुस्तकं तिच्यासमोर उघडली. विहीर दाखवली, अंगठी दाखवली, मग दार दाखवलं. ती वाचत राहिली. खूप वेळाने म्हणाली, "म्हणजे तो आला होता."

"आला होता," भाचा म्हणाला. "फार उशिरा, पण आला."

"आणि मी तुला खोटारडा म्हटलं." तिला रडूच फुटलं. "मला माफ कर रे. तू नाही ना तसा."

"नाही. जेवलो पण नाहीये नीट."

त्याच दिवशी ठरलं की कादंबरी आता खऱ्या क्रमाने वाचायची. एक प्रकरण तिने, मग एक याने, मोठ्याने, वाचनालय बंद झाल्यावर. लग्नाची तारीखही पुन्हा धरली. सगळं उत्तम झालं. फक्त एक गोष्ट मला अजून छळते. दोन्ही भाग मिळून वाचायला बायकोला तीन दिवस लागले. या दोघांना चार महिने झाले, तरी अजून ते विहिरीपर्यंतसुद्धा पोचलेले नाहीत. दोघं मिळून इतका वेळ करतात तरी काय? मी उद्या संध्याकाळी वाचनालयाच्या खिडकीखाली दबा धरून बसणार होतो. बायकोने माझे जोडे लपवून ठेवलेत.