भाकरी सरायच्या आत

आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत मल्लाप्पा आप्पांच्या दुकानाम्होरनं जायचं म्हणलं की माणूस आधी तोंड पुसून घेतंय. आप्पा नमस्कार करत न्हाईत, राम राम करत न्हाईत. थेट इचारत्यात, "ऊटा आतेन?"

कानडीत म्हंजे, जेवण झालं का. दुसरं कुणी इचारलं तर माणूस 'व्हय' म्हणून म्होरं जातंय. आप्पांचा मात्र तितनं पेपर सुरू व्हतोय. काय खाल्लं, कवा खाल्लं, संगं चटणी कसली व्हती, दही व्हतं का. पेपराच्या भ्यानं मी चौथीतनं पळालेला माणूस. मास्तर मागं लागलं न्हाईत, उलट त्यास्नी बरं वाटलं असंल. आन् आता डोस्क्याचे केस पांढरे झाल्यावर रोज सकाळी तोंडी परीक्षा. खोली आप्पांच्या दुकानाला लागूनच, त्यामुळं पळायला बी जागा न्हाय.

दुकान तसं बारकंच. शेंगदाणं, जवस, कारळं, तीळ, गूळ, आन् आप्पांनी सोता कुटलेल्या चटण्या. पण गिऱ्हाइकाला पायजे ते मिळंल असं काय न्हाय. आप्पा आधी तोंड बगत्यात. पाव किलो तीळ मागाय आलेल्या बाईला म्हणत्यात, "तुला तीळ नकोत, तुला झोप न्हाय. रातच्याला कपभर दूध पी, सकाळी केळं खा आन् मग ये." बाई तिळाबिगर घरी. दुकान कसं चालतंय ते म्हादेवालाच ठावं.

आप्पांचं सगळं ज्ञान एका वाक्यात हाय. "डोस्कं म्हंजे पोटाचं भाडेकरू. मालक उपाशी असला की भाडेकरू भांडतंय." नवरा-बायकूचं भांडण असू दे, गल्लीतल्या पाण्याचं असू दे, न्हायतर टीव्हीवरल्या पुढाऱ्यांचं, आप्पा शांतपणे म्हणत्यात, ह्येनी सकाळी चहात खारी बुडवून खाल्लेली दिसतीया.

पोरानं पुण्यास्नं मोबाईल धाडल्यापास्नं ह्यात आणिक भर पडली. एक दिस मला धरून म्हणले, "बिरू, जवसात ओमेगा असतंय." मला वाटलं किडा असतोय. मी म्हणलं, मग निवडून घेतो की. आप्पांनी कपाळाला हात लावला. मग म्हणले, अक्रोडात बी असतंय. मी म्हणलं, अक्रोडच द्या मग, डोस्क्यासारखाच दिसतोय त्यो. तर म्हणले, "अक्रोड काश्मीरचं. आपलं डोस्कं सोलापूरचं. पावण्याचं ऐकत न्हाय त्ये."

माझ्या डोस्क्यावर तर त्यांनी लई मेहनत घेतली. मी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो. त्या कामाला डोस्कं लागत न्हाय म्हणूनच मालकानं ठेवलाय. पण घरी माझा विसरभोळेपणा गाजलेला. दही आणाय गेलो तर भांडं दुकानात ठेवून दही पिशवीत घेऊन येणार. आप्पांनी रोज दोन चमचे जवसाची चटणी लावून दिली. महिनाभर इमानदारीनं खाल्ली. फरक पडला. जवस खायाची आठवण रोज न चुकता व्हायला लागली. बाकी सगळं हाय तसंच.

भांडणाचं औषध मात्र लागू पडलं. बायकूसंगं, आमच्या सुमनसंगं, माझं वाजलं की आप्पा भिंतीपलीकडनं आवाज देणार, "बिरू, आधी मूठभर शेंगा आन् गुळाचा खडा खा, मग बोल." शेंगा चावून हुईस्तवर सुमनचं सगळं बोलून झालेलं असायचं. ती म्हणाली, आप्पांच्या शेंगांनी तुमाला अक्कल आली. अक्कल न्हाय, तोंड भरलं व्हतं.

आता आप्पांच्या घरचं सांगतो. त्यांची बायकू गंगाक्का गेल्या गुढीपाडव्याला पोराकडं पुण्याला गेली, सुनंच्या बाळंतपणाला. जायाच्या आधी चार दिस नुसती भाकऱ्या थापत व्हती. ज्वारीच्या, पापडावानी पातळ, तव्यावर कडक केलेल्या. पत्र्याचा डबा गच्च भरला आन् निघताना म्हणाली, "भाकरी सरायच्या आत येते." मी पिशवी उचलाय गेलतो, माझ्या कानानं ऐकलंय.

बाळंतपण झालं, बारसं झालं, पाऊस आला, दिवाळी झाली. दर आयतवारी फोन यायचा. आप्पास्नी जरा कमी ऐकू येतंय, त्यामुळं त्यांचा फोन सगळी गल्ली ऐकतीया. आक्काचा एकच सवाल, भाकऱ्या हायेत का? आन् आप्पा छाती काढून सांगणार, हायेत की, ढीग हायेत. मला वाटायचं, काय बाई, कसला डबा भरला हिनं. आमच्या घरात भाकरी तव्यावरनं ताटात यायच्या आत सरतीया.

परवा भोगी झाली. आप्पांचा हा मोठा सण. वांगं, गाजर, घेवडा, हरभरा, पावटा, वरनं तिळाचं कूट. म्हणत्यात, वर्सातनं एक दिस सगळ्या मुलखाचं डोस्कं जाग्यावर असतंय. सुमननं पातेलंभर भाजी केली आन् मला आप्पांकडं पिटाळलं, संगं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. आमच्या दारापास्नं आप्पांचं दार म्हंजे एक खाट टाकली तर रस्ता बंद. तेवढ्यात मी भाकरी विसरलो. महिनाभराचं जवस वाया.

आत गेलो तर आप्पा चहात टोस्ट बुडवून खात बसलेलं. आख्ख्या पेठेला केळं, दूध, दही सांगणारा माणूस. मी बगितलं तसं त्यांनी कप पाटामागं सारला, जसं पोरगं बिडी लपवतंय. म्हणले, एकट्यापायी कोण चूल पेटवतंय.

मी म्हणलं ऱ्हाऊ दे, भाजी आणलीया. भाकरी इसरलो, पण डबा हायेच की. आन् फळीवरला डबा काढला.

"हात लावू नको," आप्पा वरडले. मी त्यांचा असला आवाज कवा ऐकला न्हवता. डब्याचं झाकण तवर माझ्या हातात आलेलं. आत एक भाकरी व्हती. एकच.

मी म्हणलं, आप्पा, ढीग कुटं गेला?

आप्पांनी डबा माझ्या हातातनं काढून घेतला. मग सांगितलं. आषाढापास्नं ही एकच हाय. खाल्ली न्हाय. गंगी म्हणाली व्हती, सरायच्या आत येते. "ही सरली आन् ती आली नसली, तर ती खोटी पडली की रं. ही हाय तवर तिला उशीर झालेला न्हाय."

मला रडू आलं असतं, पण मी माझ्या सवयीवर गेलो. म्हणलं, आप्पा, कडक भाकरीची मुदत कोण घेतंय? ती काय नासतीया का. पावाची घ्यायची व्हती, तिसऱ्या दिशी बुरशी आन् चौथ्या दिशी आक्का हजर.

आप्पा हसले न्हाईत. डब्यात बगत बसले. मग भाकरी काढली, मोडली, अर्धी मला दिली. त्या मोडायचा आवाज अजून कानात हाय. भाजीत चुरून आमी दोघांनी खाल्ली. बोटं चाटून झाली तसं आप्पांनी सोताहून फोन लावला. वार आयतवार न्हवता.

पलीकडनं आक्कानं घाबरूनच इचारलं, काय झालं?

आप्पा म्हणले, "सरली."

पलीकडं बाळ रडत व्हतं.

"कवा?"

"आत्ता. बिरूसंगं."

मग आक्का म्हणाली, "तुमी दर आयतवारी ढीग हायेत म्हणायचा. मला वाटलं, भाकऱ्या पुरतायत, म्हंजे माझ्याबिगर चाललंय की तुमचं."

आप्पा रिकाम्या डब्यात बोट फिरवत बसले. मी डोळ्यांनी खुणावतोय, बोला की, बोला. शेवटी आक्काच म्हणाली, "डबा घासून उन्हात ठिवा. ओल ऱ्हायली तर नव्या भाकऱ्या मऊ पडत्यात."

"बरं," आप्पा म्हणले.

सकाळी संक्रांत. मी कामावर निघालो, सवयीनं तोंड पुसलं, उत्तर तयार ठेवलं. ओट्यावर डबा घासून पालथा घातलेला, चांदीवानी चमकत व्हता. आप्पा शेजारी बसून राखण करत व्हते. माझ्याकडं बगितलं बी न्हाय. मी थांबलो, खाकरलो. काय न्हाय. शेवटी मीच इचारलं, "आप्पा, ऊटा आतेन?"

"बिरू, उन्हातनं बाजूला हो," आप्पा म्हणले. "सावली पडतीया."